निळ्या पंपाचा हिशेब

रात्री आठला पाळी सुटते आणि औरंगाबाद रस्त्यावरच्या एमआयडीसीतून माणसांचा लोंढा जालना शहराकडे निघतो. कुणी सायकलवर, कुणी एका मोटारसायकलवर तिघं, बरेचसे पायीच. गळ्यात गमछा, केसांत आणि भुवयांवर लोखंडाची करडी धूळ. माझं औषधाचं दुकान याच वाटेवर आहे. फार्मसीची पदविका घेऊन आल्यावर १९९२ साली मी ते टाकलं. तेव्हापासून या वेळेला गिऱ्हाइकाच्या आधी त्याचा खोकला दुकानात पोचतो.

परवा असाच एक पोरगा आला. वय बावीस-तेवीस, बोलण्यावरून बिहारकडचा. "भैया, वो नीला वाला पंप देना." मी विचारलं, "पिछला कब लिया था?" तो वैतागला. "आपको क्या करना है? पैसे दे रहा हूँ ना!"

एका अर्थी त्याचं बरोबरच होतं. दुकानदारानं पैसे मोजावेत, हिशेब कशाला विचारावा? पण हा एक प्रश्न मी कित्येक वर्षं विचारला नाही, आणि त्यापायी माझ्या घरचं माणूस दोनदा मरणाच्या दारात जाऊन आलं. ती गोष्ट सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

आमचा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, माझं शिक्षण त्यानंच केलं. १९८८ मध्ये तो एका रोलिंग मिलमध्ये लागला. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे जुनी. पुढे या पाळण्यात बियाणं आणि लोखंड अशी दोन बाळं जोजवली गेली. देशभरातलं भंगार इथं येतं, वितळवून त्याच्या लगडी होतात, त्या लालबुंद करून रुळांमधून दाबल्या की घर बांधायची सळई तयार होते. दादा होता भट्टीवर. तेव्हा त्याच्या मिलची भट्टी दगडी कोळशावर चाले. गमछा तोंडाला बांधला की झालं, अशी सगळ्यांची समजूत. गमछ्यानं जाडी धूळ अडते; फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती बारीक धूळ अडत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

१९९४ च्या हिवाळ्यात दादाला रात्री धाप लागायला सुरुवात झाली. पहाटे तीन-चारला उठून बसायचा, छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तपासून दमा असल्याचं सांगितलं आणि पंप लिहून दिला. दादानं ती चिठ्ठी खिशात घातली ती घातलीच. "पंप लागला की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतेत. अन् लोकायला कळलं तर पोरीला स्थळ येईल का? म्हणतील, बाप दमेकरी, पोरीलाबी असल. तू गोळ्या दे."

मी गोळ्या दिल्या. घरचा माणूस, स्वतःचं दुकान. चिठ्ठी मागायची कुणी?

या गोळ्या त्या काळी आणि आजही खेड्यापाड्यांत दम्याच्या 'पुडीत' असतात. तीन प्रकारच्या. पहिली साल्ब्युटामॉलची. ती आवळलेल्या श्वासनलिका सैल करते. दुसरी थिओफायलिनच्या घराण्यातली; डेरीफायलिन हे नाव तर आजीबाईंनाही पाठ असतं. हे द्रव्य १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून वेगळं केलं होतं. औषध कामाचं, पण त्याचा गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. जास्त झालं की छाती धडधडते, हात कापतात, उलट्या होतात. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढ्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तिसरी गोळी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गुणी वाटणारी. ती स्टेरॉइडची.

या लहान गोळीनं दादा दोन दिवसांत उभा राहिला. भूक वाढली, गाल भरले. "पावणं म्हणतेत, तब्येत सुधारली," असं तो हसून सांगायचा. मीही खूश. श्वासनलिकेला आतून आलेली सूज स्टेरॉइडनं उतरते, त्यामुळे गुण खराच असतो. पण तीच गोळी रक्तातून सगळ्या अंगभर जाते आणि वर्षानुवर्षं घेतली की हाडं पोखरते, साखर वाढवते, डोळ्यांत मोतिबिंदू आणते. शरीर स्वतःचं स्टेरॉइड करायचं विसरतं, म्हणून ती एकदम बंदही करता येत नाही. हे सारं मी पुस्तकात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

मधल्या काळात दादानं बाकीचे उपायही केले. आमचा मुलूख जुन्या निजामी राज्यातला, हैदराबादला जाणारी गाडी दारातून जाते. मृगाच्या सुमाराला तिथे जिवंत मुरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो मासा गिळवतात. दादा ओळीनं तीन वर्षं जाऊन आला. कोजागरीच्या चांदण्यात खिरीतलं औषधही झालं. परतीच्या प्रवासात दरवेळी माझ्या गोळ्या खिशात होत्याच.

२००३ च्या फेब्रुवारीत पुतणीचं लग्न ठरलं. मांडव, चुलीवरच्या कढया, होमाचा धूर आणि आठ दिवसांचं जागरण. त्या गडबडीत दादाच्या गोळ्या चार दिवस राहून गेल्या. अक्षता पडल्या आणि तासाभरात दादा मांडवाच्या खांबाला धरून बसला. बोलता येईना, ओठ निळे पडले. जीपमध्ये घालून आम्ही त्याला तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नेलं. वाटेत वहिनी एकच सारखं म्हणत होत्या, "भाऊजी, गोळी द्या ना. तुमची गोळी द्या ना."

दादा वाचला. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दादाचा गोल झालेला चेहरा, हातांवरची कागदासारखी कातडी, वाढलेली साखर, एका डोळ्यात उतरलेला मोती. वय पंचेचाळीसही नाही. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं स्टेरॉइड कोण देत होतं यांना?"

"मी," म्हणालो. "मी फार्मासिस्ट आहे."

ते रागावले नाहीत. त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले. स्टेरॉइडच्या एका साध्या गोळीत पाच मिलिग्रॅम, म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात येतात दोनशे मायक्रोग्रॅम. साल्ब्युटामॉलच्या गोळीत चार हजार, पंपाच्या एका दाबात शंभर. "पंपाचं औषध जिथं दुखणं आहे तिथंच जातं, म्हणून इतकं थोडं पुरतं. लोक गोळीला साधी समजतात आणि पंपाला जालीम. आहे नेमकं उलटं."

वाचकहो, या कागदावरचा हिशेब मला तोंडपाठ आहे, पण तो मी आधी केला नाही. कारण दादाप्रमाणेच माझ्याही मनात पंप म्हणजे शेवटची पायरी असंच होतं.

खरं तर पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दमेकरी लेकीनं विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये साल्ब्युटामॉल आलं आणि १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन हे ओढून घ्यायचं स्टेरॉइड. आजच्या दोन पंपांचे हे दोन पूर्वज.

आणि त्याआधीचे पूर्वज तर आपल्या बांधावरचेच. दम्यासाठी धोतऱ्याची पानं ओढायची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात गेली. धोतऱ्यातल्या अॅट्रोपिनचाच सुधारलेला वंशज म्हणजे इप्राट्रोपियम. बिडीनं किंवा धुरानं फुप्फुसं कायमची बिघडलेल्या रुग्णांना ते आणि त्याच जातीचं टायोट्रोपियम आज दिलं जातं. (धोतरा विषारी आहे, त्याचे प्रयोग घरी करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.) अडुळशातल्या द्रव्यावरून बेतलेलं ब्रोमहेक्सिन आणि त्याचाच पुढचा अवतार अँब्रॉक्सॉल कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांत असतं. तेव्हा 'इंग्रजी औषध' म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही.

तर दादा दोन पंप घेऊन घरी आला. निळा आणि तपकिरी. निळ्यात साल्ब्युटामॉल, धाप लागली की घ्यायचं. तपकिरीत स्टेरॉइड, धाप असो वा नसो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं आणि नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग पडतात. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवत बंद केल्या. दादाचा चेहरा पुन्हा दादासारखा दिसायला लागला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. माणसाला ज्याचा गुण कळतो ते औषध त्याला औषध वाटतं. निळा पंप पाच मिनिटांत छाती मोकळी करतो. तपकिरीचा काही पत्ताच लागत नाही. तो आतली सूज आठवड्यांच्या हिशेबानं हळूहळू उतरवतो. वर तो महागही. दादानं तपकिरी कपाटात ठेवून दिला आणि निळा खिशात. दर वेळी दुकानात येऊन म्हणायचा, "एक निळा दे." मी द्यायचो. गोळ्यांपेक्षा पंप बरा, एवढाच धडा मी शिकलो होतो.

२००९ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुरात दादाला पुन्हा तसाच झटका आला. निळा पंप दहा वेळा, पंधरा वेळा दाबला, उपयोग होईना. पुन्हा दवाखाना, पुन्हा ऑक्सिजन. घरी येऊन मी विक्रीची पुस्तकं काढली. त्या वर्षात दादाला मी एकोणीस निळे पंप दिले होते. तपकिरी दोन.

एका निळ्या पंपात साधारणपणे दोनशे दाब असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला तो महिनोन्महिने पुरायला हवा. वर्षात तीन किंवा अधिक निळे पंप लागले तर झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक लागले तर जिवाचा, असं आज दम्याचे जागतिक जाणकार सांगतात. १९९३ मध्ये सुरू झालेली 'जीना' ही संस्था दम्याच्या उपचारांचे नियम घालून देते. तिनं २०१९ मध्ये स्पष्टच म्हटलं की मोठ्या माणसांना आणि कुमारवयीन मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. त्यासाठी बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंपही मिळतो, काहींना डॉक्टर तो धाप लागल्यावरही घ्यायला सांगतात. निळा पंप म्हणजे घराला आग लागल्यावर वाजणारी घंटा गप्प करण्यासारखा आहे. घंटा थांबते, आग चालू राहते. पंपाबद्दलच्या लोकांच्या भीतीतही थोडं तथ्य आहे ते इथे: १९६० च्या दशकात इंग्लंडात जास्त तीव्रतेचे आयसोप्रिनालिनचे फवारे बेसुमार वापरले गेले आणि दम्याचे मृत्यू वाढले होते. म्हणजे दोष फवाऱ्याच्या डबीचा नाही. त्यात काय आहे आणि ते किती घेतलं, याचा आहे.

जगातले साधारण तेरा टक्के दमेकरी भारतात आहेत आणि दम्याच्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा अंदाज आहे. हा फरक आपल्या हवेनं पडतो, उशिरा निदानानं पडतो, आणि कपाटात ठेवून दिलेल्या तपकिरी पंपांनीही पडतो.

औषध घेण्याची रीत हा आणखी एक घोळ. पावडरीची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळून "काही गुण नाही" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. पंप असेल तर आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत घेताना दाबा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. हे जुळत नसेल तर मध्ये स्पेसर नावाची नळी लावतात. फवारा त्यात थांबतो आणि मग आरामात ओढता येतो. लहान मुलांना तर तो हवाच. महाग वाटतो म्हणून टाळू नये. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसरही मुलांना चांगला उपयोगी पडतो, हे दाखवून दिलं होतं. आणि डबीचा रंग पाहून औषध ओळखू नका. कंपनीगणिक रंग बदलतात. नाव वाचा, नाहीतर आम्हाला वाचायला सांगा.

प्रत्येक खोकला दम्याचाही नसतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला आधी थुंकीची तपासणी हवी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षयरोग असताना नुसतं स्टेरॉइड घेत राहिलं तर तो आतल्या आत पसरतो. फर्नेसच्या आतलं अस्तर सिलिकाच्या भुकटीचं असतं; ते फोडणाऱ्या आणि ठोकून बसवणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस होऊ शकतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच त्याला नोंद करायच्या आजारांत घातलं होतं. त्यावर गुण देणारं औषध नाही, म्हणून तिथे काम ओलं करून धूळ बसवणं आणि बारीक धूळ अडवणारा खरा मास्क हेच औषध. शहराच्या हवेचं म्हणाल तर २०१९ मध्ये केंद्राचा शुद्ध हवेचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही त्यांच्या यादीत जालन्याचं नाव आहे. आणि घरातल्या बायांचं काय? जन्मभर चुलीशी बसलेल्या कितीतरी मावशींची फुप्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली असतात, आणि त्यांना "वयानं दम लागतो" म्हणून गप्प केलं जातं.

खोकल्याच्या बाटलीबद्दलही दोन शब्द. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक बालकं दगावली. लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला बहुतेकदा औषधाविना बरा होतो. चार वर्षांखालच्या लेकराला स्वतःच्या मनानं सर्दी-खोकल्याची बाटली पाजू नये. कुणी मागितली तरी मी देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

स्टेरॉइडला मी आज शिवी देत नाही. कोविडच्या काळात, २०२० च्या जूनमध्ये, ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्वस्त गोळीनं वाचवता येतं हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी तीच गोळी गरज नसताना, साखर न तपासता घेतलेल्यांना काळ्या बुरशीनं गाठलेलंही आपण पाहिलं. औषध तेच. कुणाला, किती, किती दिवस, एवढंच बदललं.

दादा निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कंबर वाकलीय. ती गोळ्यांची देणगी, म्हणजे माझी. पण रात्री झोपतो. सकाळ-संध्याकाळचा पंप त्यानं देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय, दात घासायच्या आधी घेतो, म्हणजे चूळही आपसूक होते. गेल्या वर्षभरात त्याला एकच निळा पंप लागला.

संध्याकाळी तो दुकानात येऊन बसतो. परवा त्या पोराचा आवाज चढला तेव्हा दादाच म्हणाला, "बैठ बेटा. मैं भी भट्टी पे था." पोरगा स्टुलावर बसला. दादानं विचारलं आणि त्यानं सांगितलं: महिन्याला दोन पंप. कधी या दुकानातून, कधी त्या. जवळची चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची, आणि तिच्यावर दुसऱ्या पंपाचंही नाव होतं. तो त्यानं कधी घेतलाच नव्हता. गावी पैसे पाठवायचे असतात.

धाप लागलेल्या माणसाला निळा पंप नाकारता येत नाही. तो मी दिला. डबीवर तारीख लिहिली, दुसऱ्या पंपातलं तेच औषध स्वस्तात कुठलं मिळेल ते दाखवलं आणि ईएसआयचं कार्ड असेल तर ते घेऊन आधी डॉक्टरांना भेट, असं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि अंधारात निघून गेला.

२००९ पासून मी एक वेगळी वही ठेवली आहे. निळा पंप नेणाऱ्या प्रत्येकाची तिथे एक ओळ असते: तारीख, आणि शेजारी दुसरा पंप नेला की नाही याची खूण. त्या पोराच्या ओळीत तारीख लिहिली आहे. शेजारची जागा अजून कोरी आहे. पाळी सुटायची वेळ झाली की मी रस्त्याकडे बघत असतो.